खुर्द्यातले शेवटचे नाणे

पानिपतावर १७६१ साली काय घडले याची वार्ता पेशव्यांना मिळाली ती एका सावकारी पत्रातून. व्यापाऱ्याच्या सांकेतिक भाषेतल्या त्या पत्रात मोत्ये किती गळाली ते होते, मोहरा किती हरवल्या तेही होते. खुर्दा किती गेला याची मात्र गणतीच लागत नव्हती. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, हे वर्गात मुलांना समजावून सांगावे लागते. खुर्दा म्हणजे कोण, हे कधी सांगावे लागत नाही. खेड्यातल्या शाळेतली मुले तर ते चटकन ओळखतात.

जगातल्या बहुतेक युद्धांचा हिशेब असाच लिहिला गेला आहे. म्हणून १९१४ ते १९१८ च्या पहिल्या महायुद्धाच्या बाबतीत पुढे जे घडले ते मला विलक्षण वाटते. ते युद्ध संपून ऐंशी-नव्वद वर्षे लोटल्यावर युरोपातली सरकारे खुर्दा मोजू लागली. कारण मोजायला आता फार वेळ लागणार नव्हता. कोट्यवधी शिपायांतले काही शेकडा उरले, मग काही डझन, मग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वर्तमानपत्रे त्यांच्या वाढदिवशी छायाचित्रे छापू लागली, मंत्री पुष्पगुच्छ घेऊन दारी येऊ लागले, आणि 'आता चार राहिले, आता तीन' अशी उलटी मोजदाद सुरू झाली. जे नाणे उभ्या आयुष्यात कुणी उचलून पाहिले नव्हते, ते शेवटचे उरले म्हणून एकाएकी मोत्याच्या भावाने जाऊ लागले.

या सन्मानात काही खरे आहे आणि काही खोटे आहे, असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. पण आपली दिवाळीही मृत्यूला अगदीच विसरून साजरी होत नाही. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपण यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून एक दिवा लावतोच. तेवढ्या एका दिव्याच्या उजेडात हा विचार करू या.

फ्रान्सचे अध्यक्ष जाक शिराक यांनी २००५ साली जाहीर केले की, पहिल्या महायुद्धातला शेवटचा फ्रेंच शिपाई ज्या दिवशी जाईल त्या दिवशी त्याला राष्ट्रीय इतमामाने निरोप देण्यात येईल. ज्यांच्या वाट्याला अखेर हा मान आला ते लाझार पाँटिचेली जन्माने इटालियन होते. गरिबीमुळे लहानपणीच ते पॅरिसला आले. तिथे त्यांनी धुराडी साफ केली, वर्तमानपत्रे विकली. १९१४ साली युद्ध पेटले तेव्हा सोळा वर्षांचे असताना वय चोरून ते फ्रान्सच्या परदेशी पलटणीत दाखल झाले. ज्या देशाने पोटाला घातले त्याचे ऋण फेडावे, एवढाच त्यांचा हेतू होता. पुढच्या साली इटली युद्धात उतरली आणि त्यांना त्यांच्या मनाविरुद्ध इटालियन सैन्यात ओढून नेण्यात आले. तिथे डोंगरातल्या खंदकांत काही काळ असा गेला की, इटालियन शिपाई पाव द्यायचे, समोरचे ऑस्ट्रियन शिपाई तंबाखू द्यायचे, आणि गोळीबार थांबलेला असायचा.

राष्ट्रीय इतमामाचा हा बेत त्यांच्या कानावर गेला तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की, आपल्याआधी जे मेले त्यांना कुणी असा मान दिला नाही. तो आपल्या एकट्याला देणे हा त्यांचा अपमान आहे. २००८ च्या जानेवारीत दुसरे उरलेले गृहस्थ लुई द काझनाव वारले आणि पाँटिचेली एकटे राहिले. तेव्हा मोठ्या मिनतवारीने ते तयार झाले, पण अटीवर. सोहळा साधा असावा, आणि तो आपल्या नावाने नव्हे, तर त्या युद्धात मेलेल्या सर्व स्त्रीपुरुषांच्या नावाने व्हावा. १२ मार्च २००८ रोजी ते वारले, वय ११०. पाच दिवसांनी पॅरिसच्या इन्व्हालिदमध्ये त्यांना निरोप देण्यात आला.

या म्हाताऱ्याने नाकारले ते काय? मान नव्हे. त्याने आपला हिशेब नाकारला. आपण म्हणत होतो, सर्वांत शेवटी राहिला तो सर्वांत मोठा. तो म्हणत होता, मी फक्त शेवटी राहिलो.

शेवटी राहण्यात मनुष्याचे कर्तृत्व ते कोणते? पराक्रम म्हणावा, तर खंदकात शेजारी उभा असलेला माणूस याच्याइतकाच शूर किंवा याच्याइतकाच भ्यालेला होता. तोफेचा गोळा दोन हात पलीकडे पडला, एवढाच फरक. दीर्घायुष्य म्हणावे, तर शंभरी गाठणे ही प्रकृतीची देणगी झाली; तिला पदक कसले? आपल्या पुराणांनी तर याबाबत फार सावध राहून लिहिले आहे. चिरंजीवांत मारुती आहे आणि अश्वत्थामाही आहे. एकाला जे वरदान, तेच दुसऱ्याला शाप. कुरुक्षेत्रावरून वाचलेला अश्वत्थामा कपाळावरची भळभळती जखम घेऊन दारोदार तेल मागत हिंडतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. युद्धातून जिवंत परतणे म्हणजे सुटणे नव्हे, हे ज्या कुणी ही समजूत प्रथम रचली त्याला पक्के ठाऊक असले पाहिजे.

इंग्लंडचे हॅरी पॅच यांची जखम अशीच होती. नळकामाचा धंदा शिकत असलेल्या या तरुणाला सक्तीच्या भरतीने सैन्यात नेले आणि १९१७ साली बेल्जियममधल्या इप्रच्या चिखलात उभे केले. पाच जणांच्या तुकडीत एक मशीनगन होती. शक्य तोवर कुणाला ठार मारायचे नाही, गोळी झाडावीच लागली तर पायांवर झाडायची, असे त्या पाच जणांनी आपसांत ठरवले होते. २२ सप्टेंबरच्या रात्री त्यांच्यामध्ये गोळा फुटला. तिघे मेले. पॅच जखमी होऊन परतले, नळ दुरुस्त करू लागले, संसार केला, म्हातारे झाले. ऐंशी वर्षे त्यांनी त्या रात्रीबद्दल अवाक्षर काढले नाही. स्वतःच्या बायकोजवळसुद्धा नाही. वयाच्या शंभराव्या वर्षी, १९९८ साली, ते प्रथम बोलले. आणि बोलले ते सरकारला रुचेल असे नव्हे. युद्ध म्हणजे कायद्याने मान्य केलेली मनुष्यहत्या, हा त्यांचा निष्कर्ष होता. सारा देश ११ नोव्हेंबरला स्मरणदिन पाळी, पण त्यांचा स्वतःचा स्मरणदिन २२ सप्टेंबर हाच राहिला. वयाच्या एकशे सहाव्या वर्षी ते त्याच रणांगणावर जर्मन बाजूने लढलेल्या एका तितक्याच वृद्ध शिपायाला भेटले आणि दोघांनी एकमेकांचे हात हाती घेतले.

पॅच २५ जुलै २००९ रोजी वारले, वय १११. खंदकांत लढलेल्यांतले ते जगातले शेवटचे. वेल्सच्या कॅथीड्रलमध्ये त्यांना निरोप दिला तेव्हा शवपेटीबरोबर बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनी या तिन्ही देशांचे सैनिक चालले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे समारंभात एकही शस्त्र आणू दिले नाही. एका शिपायाच्या अंत्ययात्रेला बंदूक नाही! मला हा सन्मान खरा वाटतो. कारण ज्याचा सन्मान व्हायचा त्याच्या शब्दाने तो बदलला. एरवी आपण सत्कारमूर्तीला शाल पांघरतो आणि भाषण स्वतः करतो.

म्हणजे मान पराक्रमाचाही नव्हे आणि वयाचाही नव्हे. मान आहे तो साक्षीचा. न्यायाच्या कचेरीत साक्षीदाराला मान असतो तो तो थोर आहे म्हणून नव्हे, तर जे आपण पाहिले नाही ते त्याने पाहिले आहे म्हणून. आणि साक्षीदाराशी वागण्याचा पहिला नियम हा की, त्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत. जे राष्ट्र आपल्या वृद्ध शिपायाला हार घालते आणि त्याने 'हे सारे व्यर्थ होते' म्हणताच बँड मोठ्याने वाजवू लागते, ते साक्षीदाराला फितवत असते.

यावर कुणी म्हणेल, मग जर्मनीने केले तेच बरे. तिथला शेवटचा ज्ञात शिपाई एरिख केस्टनर. ते पुढे न्यायाधीश झाले होते. १ जानेवारी २००८ रोजी, वयाच्या एकशे सातव्या वर्षी ते वारले. ना तोफांची सलामी, ना राष्ट्राध्यक्षांचे भाषण. सरकारजवळ अशा हयात शिपायांची यादीच नव्हती. आपल्यातला शेवटचा माणूस गेला, हे देशाला मागाहून कळले. दुसऱ्या महायुद्धातल्या पापांचे ओझे डोक्यावर असलेल्या राष्ट्राला शिपायाचा सत्कार करताना संकोच वाटावा, हे समजण्यासारखे आहे. पण त्या संकोचातही एक घोटाळा आहे. १९१८ साली ज्या अठरा वर्षांच्या मुलाला बंदूक देऊन पाठवले, त्याने ते युद्ध पुकारले नव्हते. ज्याचे निमित्त आपल्याला मान्य नाही, त्या युद्धातल्या माणसाचे म्हणणेही ऐकायचे नाही, असे ठरवले तर शिक्षा धाकट्याला होते आणि ज्यांनी त्याला पाठवले ते मोकळे राहतात.

हा प्रश्न केवळ जर्मनीचा नाही. तो आपलाही आहे. आणि आपण त्याला जर्मनीपेक्षाही अधिक चुकवीत आलो आहोत.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली आणि सुमारे ७४,००० मेली. त्यांत आपली मराठी माणसे थोडी नव्हती. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत-अल-अमारा येथे तुर्कांनी जी फौज कोंडली ती पूना डिव्हिजन होती. वेढा सुमारे पाच महिने चालला. तिथे मराठा पलटणी उपाशी लढल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी फौजेने हत्यार खाली ठेवल्यावर कैदेत गेल्या. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावचे ४६ जवान त्या महायुद्धात कामी आले. गावात त्यांचा स्तंभ आहे. आपल्या कितीतरी गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर त्या काळच्या सरकारने बसवलेली एक लहानशी पाटी असते. या गावातून महायुद्धावर इतके गेले, पैकी इतके कामास आले, एवढाच मजकूर. आकडा आहे; नाव नाही. पुन्हा खुर्दाच!

बसऱ्याच्या स्मारकाची गोष्ट याहून बोलकी आहे. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांचे थडगे सापडले नाही अशा चाळीस हजारांवर सैनिकांचे ते स्मारक. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे आहेत आणि हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीचे नाव आणि खाली संख्या. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने २०२१ साली स्वतःच चौकशी करून अहवाल काढला आणि कबूल केले की, आफ्रिका व आशियातल्या ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मारक बरोबरीच्या नात्याने झाले नाही. आणि आणखी निदान १,१६,०००, कदाचित ३,५०,००० पर्यंत माणसे अशी होती की ज्यांचे नाव कुठेच कोरले गेले नाही. ब्रिटिश सरकारने त्याबद्दल पार्लमेंटात माफी मागितली.

साहेबाने नाव लिहिले नाही, हे झाले. पण आपण तरी कुठे विचारले? स्वातंत्र्यानंतर या माणसांची आपल्याला थोडी लाजच वाटू लागली. परक्याच्या राज्यासाठी, पगारासाठी लढलेली ही माणसे. त्यांचा गौरव कशाला? हा आक्षेप पोकळ नाही, आणि त्याला मी हसून टाळणार नाही. ते युद्ध आपले नव्हते हे खरे. पण त्या दिवसांत स्वतः गांधीजी १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव हिंडले होते, हेही खरे. मोठमोठ्यांना जो पेच सुटत नव्हता तो देशावरच्या कोरडवाहू शेतात दुष्काळ सोसणाऱ्या किंवा कोकणात खाचरावर पोट न भरणाऱ्या पोराने सोडवायला हवा होता, असे म्हणणे न्यायाचे नाही. तो पगारासाठी गेला. घरी मनिऑर्डर येई. तिच्यावर बहिणीचे लग्न झाले, खंड भरला गेला, धाकटा शाळेत गेला. त्या पैशावर शिकलेल्यांच्या नातवंडांनी आज त्याला 'भाडोत्री' म्हणावे, यात मला देशभक्ती दिसत नाही. तो ज्या झेंड्याखाली लढला त्या झेंड्याला आपण मान देत नाही, देऊही नये. पण त्याच्याकडून जे घेतले गेले त्याची दखल घेणे म्हणजे त्या झेंड्याला मुजरा नव्हे.

आपल्या संस्कृतीत याची वाट फार पूर्वी आखून ठेवलेली आहे. महाभारतात युद्ध संपल्यावर धृतराष्ट्र युधिष्ठिराला मेलेल्यांची संख्या विचारतो, आणि धर्मराज ती सांगतो. पण तो तिथे थांबत नाही. ज्यांचे कुणी मागे उरले नाही अशांचेही देह बेवारशी राहू नयेत, म्हणून त्या सर्वांचे दहन विधिपूर्वक करण्याची तो आज्ञा देतो. त्यांत कोण आपल्या बाजूचा आणि कोण कौरवांचा, हे तो निवडत बसत नाही. आपणही, ज्या पितरांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या राखून ठेवली आहे. माहिती नसणे हे विसरण्याचे निमित्त होऊ शकत नाही, असाच याचा अर्थ.

युरोपनेही सुरुवात अशीच केली होती. ११ नोव्हेंबर १९२० रोजी लंडनला आणि पॅरिसला एकेका अनामिक शिपायाच्या देहाला राजांचा आणि सेनापतींचा मान देण्यात आला. तो कोण हे कुणालाच ठाऊक नव्हते. म्हणूनच हरवलेल्या मुलाच्या प्रत्येक आईला तो आपला वाटू शकला. नव्वद वर्षांनी शेवटच्या हयात माणसाला मान देताना याच विचाराचे दुसरे टोक आले. पहिला कुणीही असू शकत होता म्हणून सर्वांचा. दुसरा एकच उरला म्हणून सर्वांचा. दोघांनाही मान मिळाला तो दुसऱ्यांच्या वतीने. पाँटिचेली यांना हे उमगले होते, म्हणून त्यांनी तशी अट घातली.

त्या महायुद्धात नोकरी केलेली जगातली शेवटची ज्ञात व्यक्ती कोण होती, हे ऐकून वाचकांना नवल वाटेल. ती एक बाई होती. फ्लॉरेन्स ग्रीन १९१८ साली सतरा वर्षांच्या असताना ब्रिटिश वायुदलाच्या महिला शाखेत दाखल झाल्या आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात वाढण्याचे काम करू लागल्या. त्यांचा लष्करी दाखला शोधणाऱ्यांच्या हाती लागला तो २०१० च्या सुमारास. ४ फेब्रुवारी २०१२ रोजी, एकशे अकरावा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना, त्या वारल्या. कोट्यवधी पुरुषांच्या त्या महायुद्धाचा शेवटचा दुवा ताट वाढणाऱ्या एका मुलीच्या हाती होता. शूरत्वाचीच मोजदाद करणाऱ्यांना तो दिसलाच नसता.

आता दुसऱ्या महायुद्धाची पाळी आली आहे. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडचे आकाश राखणाऱ्या वैमानिकांतले शेवटचे, जॉन हेमिंग्वे, १७ मार्च २०२५ रोजी एकशे पाचव्या वर्षी वारले. हिंदुस्थानच्या सैन्यात त्या युद्धात सुमारे पंचवीस लाख माणसे होती. ८७,००० च्या आसपास मेली. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ साली त्यांच्या नावाने एक छायाघड्याळ उभारले. त्यावरच्या लॅटिन वचनाचा आशय असा की, आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत. घाडगे एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले, कारण त्यांच्या तुकडीतले बाकीचे सारे मेले होते किंवा जखमी होऊन पडले होते. पदकाच्या हकिगतीत ते 'बाकीचे' एवढ्याच शब्दात येतात. मोती आपल्याला मिळाला. खुर्द्याला अजून कुणी हात लावलेला नाही.

१९४५ साली जो अठरा वर्षांचा होता तो आज शंभरीच्या उंबरठ्यावर आहे. असे अगदी थोडे असतील; पण त्यांच्याकडून ऐकलेले मुलगे, सुना, नातवंडे पुष्कळ आहेत. असा पलटणीतला म्हातारा आपल्या प्रत्येक पंचक्रोशीत होता. पारावर बसून तो ब्रह्मदेशातल्या पावसाची नाही तर इटलीतल्या थंडीची तीच तीच गोष्ट सांगे आणि पोरे हळूच काढता पाय घेत. जी गोष्ट माणूस पुनःपुन्हा सांगतो ती बहुधा कुणी नीट ऐकलेली नसते.

म्हणून शेवटच्या माणसाची वाट पाहू नये, असे मला वाटते. शेवटच्याला मान देणे फार स्वस्त पडते. तो एकटा असतो, थकलेला असतो, आणि त्याचे निवृत्तिवेतन आता फार दिवस द्यावे लागणार नसते. मान द्यायचा तर हजारावा उरलेला असताना द्यावा, शंभरावा उरलेला असताना द्यावा. त्याला शाल नसली तरी चालेल. घरात किंवा शेजारी असा कुणी असेल, किंवा त्याच्याकडून ऐकलेले कुणी असेल, तर या दिवाळीच्या सुटीत त्याच्यापाशी बसावे. शत्रू किती मारले, हे विचारू नये. 'तुमच्याबरोबर कोण कोण होते?' एवढेच विचारावे, आणि तो जी नावे सांगेल ती कागदावर उतरून घ्यावी.